एका तिरप्या फरशीवरून झालेलं भांडण

आर्वी तालुक्यातलं एक गाव. कापसाचा शेवटचा वेचा झाला होता, पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या होत्या, त्या दिवसांतला हा डाव. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायची साहसकथा; पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ ची पुस्तकं. डीएम, म्हणजे डाव चालवणारे आणि शत्रूही खेळवणारे, शाळेत शिकवतात, म्हणून डावातही ते सरच. फायटर (लढवय्या) खेळतो तो जिनिंगवर कामाला जाणारा दादा. रोग (लपतछपत मारणारा चोरटा) खेळतो कृषी सेवा केंद्रवाला भाऊ, बार्ड (मंत्र जाणणारा गवई) खेळते आर्वीला कॉलेजात जाणारी ताई, आणि क्लेरिक (पुजारी) मी. पात्रं तिसऱ्या लेव्हलची. ज्या वारावरून वाद पेटला त्यात माझा हात नव्हता, त्यामुळे मला बसून सगळं बघता आलं.

भांडण वरवर एकाच प्रश्नाचं होतं: गॉब्लिनांचा, म्हणजे बुटक्या राक्षसांचा, बॉस मेला की जिता आहे? आत शिरलं तर त्यात चार वेगवेगळे प्रश्न निघाले. त्यातल्या तिन्हींची उत्तरं पुस्तकात छापलेली होती. चौथ्याचं नव्हतं, आणि खरा राग त्या चौथ्यावरच होता.

मांडणी

सरांच्या ओसरीतल्या चौकोनी फरश्या हाच आमचा नकाशा. एक फरशी म्हणजे पाच फूट. ओसरीची पायरी म्हणजे गाविलगडासारख्या पडक्या किल्ल्याचा दरवाजा, उत्तरेकडे. साधे गॉब्लिन म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची झाकणं. बॉस म्हणजे टॉर्चमधला संपलेला सेल. मार मोजायला सरकीचे दाणे. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये गॉब्लिन बॉसचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, २१, म्हणून सेलच्या नावाच्या बशीत २१ दाणे. मार बसला की तितके दाणे उचलायचे. शत्रूत किती जीव उरला हे बरेच डीएम झाकून ठेवतात. सर ठेवत नाहीत, बशी सगळ्यांसमोर असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

इनिशिएटिव्हचा, म्हणजे कोणाची टर्न (पाळी) आधी याचा, क्रम असा: फायटर १८, बॉस १५, रोग १२, बार्ड ९, मी ५.

दुसऱ्या राऊंडमध्ये (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राऊंड) फायटरने बॉसवर तलवार चालवली. गॉब्लिन बॉसकडे रिडायरेक्ट अटॅक नावाची रिॲक्शन, म्हणजे मध्येच एकदा करता येणारी झटपट कृती, असते. आपल्यावर वार आला की तो पाच फुटांतल्या दुसऱ्या गॉब्लिनशी जागा बदलतो आणि वार त्या बिचाऱ्यावर जातो. सरांनी ती वापरली. झाकण मेलं, सेल त्याच्या फरशीवर आला. मग बॉसची टर्न आली. पळून न जाता त्याने फायटरवर दोन वार केले, दोन्ही हुकले. त्यानंतर रोग पुढे आला आणि बॉसला पूर्वेकडून लागून उभा राहिला. फायटर शेजारी असल्यामुळे रेपिअरचा वार स्नीक अटॅकसकट, म्हणजे रोगला मिळणाऱ्या जादा मारासकट, बसला: ८ दाणे गेले, १३ उरले. यावेळी बॉसजवळ एकही झाकण उरलं नव्हतं, त्यामुळे जागा बदलण्याचा प्रश्न आला नाही.

आता नेमकं कोण कुठे होतं ते डोळ्यांसमोर आणा, सगळं त्यावरच आहे. सेल मधल्या फरशीवर. रोग त्याच्या पूर्वेच्या फरशीवर. फायटर नैऋत्येला, म्हणजे कोपऱ्याला कोपरा लागून तिरपा. बार्ड थेट दक्षिणेला, सहा फरश्यांवर.

बार्डने डिसोनंट व्हिस्पर्स हा शत्रूला पळवून लावणारा मंत्र टाकला. बॉसचा विस्डम सेव्ह, म्हणजे मंत्र झटकून टाकायचा फासा, हुकला. तीन फाशांचे ६ आले, बशीत ७ दाणे राहिले. सरांनी सेल उचलला आणि थेट सहा फरश्या पलीकडे, पायरीपाशी ठेवला. गॉब्लिनचा वेग ३० फूट, तेवढंच अंतर. शेजारून निसटणाऱ्या शत्रूवर आपली रिॲक्शन घालून एक वार करता येतो, तो ऑपॉर्च्युनिटी अटॅक; त्यासाठी दादा आणि भाऊ दोघांनी एकाच वेळी फासे फेकले. फायटरचा वार बॉसच्या १७ च्या आर्मर क्लासला (वार बसायला लागणाऱ्या आकड्याला) पोचला नाही. रोगचा वीसचा फासा १६ वर थांबला, बोनस धरून वार बसला. मार १ अधिक ३, म्हणजे ४. स्नीक अटॅकच्या दोन फाशांचे २ आणि ३. एकूण ९.

"मेला थो, सर! उचला सरकी!" भाऊ ओरडला.

सर म्हणाले, "थांब बावा. हा वारच होत नाही."

मंत्राने पळवलं तर वार मिळतो का?

सरांचं पहिलं म्हणणं असं की बॉस आपणहून पळाला नाही, त्याला पळवलं. ज्याला ढकललं त्याच्यावर ऑपॉर्च्युनिटी अटॅक होत नाही. ताईने आपली वही काढली. त्यात मंत्राखाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: ३डी६ सायकिक (सहाच्या तीन फाशांचा मनावरचा मार), सेव्ह हुकला तर दूर पळतो. वहीनुसार सरांचं बरोबर वाटत होतं.

फोनवरच्या फुकट पीडीएफने फारसं भागलं नाही. एसआरडी ५.१, म्हणजे नियमांचा मोफत भाग, जी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुली झाली, तिच्यात ऑपॉर्च्युनिटी अटॅकचा नियम आहे, स्नीक अटॅक आहे, पण डिसोनंट व्हिस्पर्स नाही आणि गॉब्लिन बॉसही नाही. शेवटी सरांनी आतल्या कपाटातून प्लेअर्स हँडबुक आणलं. मंत्राच्या मजकुरात वहीत न उतरलेला तुकडा सापडला: सेव्ह हुकलेल्याने, उपलब्ध असेल तर, आपली रिॲक्शन वापरून लगेच शक्य तितकं दूर जायचं.

आता दुसऱ्या नियमाशी हे जोडून बघा. ऑपॉर्च्युनिटी अटॅक टळतो तो तीन प्रकारे: डिसएंगेज (सावधपणे बाजूला व्हायची ॲक्शन) घेतला तर, टेलिपोर्ट झालात तर, किंवा तुमची हालचाल, तुमची ॲक्शन किंवा तुमची रिॲक्शन खर्च न होता तुम्हाला कुणी वा कशाने हलवलं तर. इच्छा होती की नव्हती, हे तो नियम विचारतच नाही. खर्च कोणाच्या खिशातून झाला, एवढंच विचारतो. थंडरवेव्ह मंत्राने दहा फूट मागे फेकला गेलेला गॉब्लिन स्वतःचं काही खर्च करत नाही, म्हणून वार नाही. व्हिस्पर्स ऐकून पळणारा आपली रिॲक्शन मोजतो, म्हणून वार आहे. गोष्टीत दोघेही बिचारे पळवलेलेच, हिशेबात मात्र वेगळे.

मंत्र वहीत उतरवणारे बरेच खेळाडू हीच गफलत करतात असं मी पाहिलं आहे. परिणाम लिहून घेतात आणि किंमत सोडून देतात. या खेळात अर्धे वाद त्या सुटलेल्या किमतीचेच असतात.

सरांनी हे दोन मिनिटांत मान्य केलं.

बॉसकडे रिॲक्शन उरली होती का?

हा प्रश्न सरांनीच काढला, आणि तो चांगला होता. "याच राऊंडमध्ये त्यानं झाकणाशी जागा बदलली ना? मग रिॲक्शन गेली. रिॲक्शनच नाही तर तो पळेल कशाने? ६ मार खाऊन जागेवरच उभा राहील."

तसं असतं तर ते बार्डला फार महागात पडलं असतं. पण रिॲक्शन राऊंडच्या शेवटी परत येत नाही, ज्याची त्याची टर्न सुरू झाली की परत येते. बॉसने ती १८ वर, फायटरच्या टर्नमध्ये खर्च केली. १५ वर त्याची स्वतःची टर्न सुरू झाली तेव्हा ती भरून आली. रोगच्या टर्नमध्ये ती वापरली गेली नाही. ९ वर, बार्डच्या टर्नमध्ये, ती शाबूत होती.

यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. पळण्यासाठी बॉसने रिॲक्शन घातली, म्हणजे पळताना मागून येणाऱ्या वारांसाठी त्याच्याकडे रिडायरेक्ट अटॅक राहिला नाही. शेजारी दहा झाकणं असती तरी तो जागा बदलू शकला नसता. व्हिस्पर्सचं खरं मोल मला इथे दिसतं. ३डी६ पेक्षा शत्रूची ढाल काढून घेणं मोठं आहे.

एका राऊंडमध्ये दोन स्नीक अटॅक?

हे लवकर मिटलं. सरांनी विचारलं, "तुझा स्नीक अटॅक झाला ना आता?" भाऊ म्हणाला, "थो माझ्या टर्नवर झाला जी. आता टर्न ताईची चालू हाय." स्नीक अटॅकची मर्यादा टर्नला एक अशी आहे, राऊंडला एक अशी नाही. विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या अधिकृत सेज ॲडव्हाइसमध्येही (नियमांवरच्या प्रश्नोत्तरांत) हेच सांगितलं आहे. दुसऱ्याच्या टर्नमध्ये रिॲक्शनने वार मिळाला आणि अटी पुऱ्या झाल्या, तर पुन्हा स्नीक अटॅक चालतो. रोगकडे रिॲक्शन एकच असल्याने प्रत्यक्षात हे राऊंडला दोनदाच जमतं, आणि दुसरी वेळ कुणीतरी आणून द्यावी लागते. ताईने ती आणून दिली होती.

आतापर्यंत तिन्ही प्रश्न खेळाडूंच्या बाजूने लागले होते. भाऊने बशीतून सरकी उचलायला हात घातला.

फायटर शेजारी होता का?

स्नीक अटॅकला एकतर ॲडव्हान्टेज (वीसचे दोन फासे टाकून मोठा धरायची मुभा) लागतो, नाहीतर ज्याला मारायचं त्याचा दुसरा कुणी शत्रू, काही करू शकण्याच्या स्थितीत असलेला, त्याच्यापासून पाच फुटांत लागतो. ॲडव्हान्टेज इथे नव्हता. म्हणजे प्रश्न असा की वार लागला त्या क्षणी फायटर बॉसच्या शेजारी होता का? आणि "त्या क्षणी" म्हणजे कधी, हे नियमात स्पष्ट आहे: शत्रू तुमच्या पोहोचेतून बाहेर पडण्याच्या अगदी आधी. तो निघून गेल्यावर नव्हे.

सरांनी बोटाने फरश्या मोजल्या. बॉस सरळ उत्तरेला एक फरशी सरकला तर फायटरपासून दोन फरश्या लांब जातो, म्हणून फायटरचा वार मधल्या फरशीवरच होतो. पण पूर्वेला उभ्या रोगला तो अजूनही तिरपा लागून आहे. रोगच्या पोहोचेतून तो बाहेर पडतो दुसऱ्या पावलाला. म्हणजे रोगचा वार होतो तेव्हा बॉस एक फरशी वर आहे आणि फायटर त्याच्यापासून दहा फुटांवर. वार आहे, स्नीक अटॅक नाही. मार ४. सात वजा चार, तीन दाणे शिल्लक. बॉस जिता.

भाऊने तिथल्या तिथे दुसरी वाट दाखवली. बॉसचं पहिलं पाऊल वायव्येला तिरपं पडलं तर? मग त्या एकाच पावलात तो दोघांच्याही पोहोचेतून सुटतो, दोघांचेही वार मधल्या फरशीवर होतात, आणि तिथे फायटर त्याला लागून आहे. स्नीक अटॅक मिळतो. मार ९. बॉस खल्लास.

एक पाऊल सरळ की तिरपं, यावर एक जीव. मंत्र म्हणतो शक्य तितकं दूर जा. फरश्या मोजल्या तर दोन्ही वाटांनी शेवटी बॉस बार्डपासून बारा फरश्यांवरच पोचतो, कारण आमच्याकडे तिरपं पाऊलही पाच फुटांचंच धरतात. भाऊ हार मानणारा नाही. त्याने दुकानातून खताच्या गोणीची सुतळी आणली, बार्डच्या फरशीपासून ताणली, आणि तिरप्या वाटेचं टोक बोटभर लांब आलं. "पहा सर. दूर म्हणजे हे दूर."

सुतळी खोटं बोलत नव्हती. तिरपं पाऊल पाच फुटांचं धरलं की तिरप्या चालीत थोडं अंतर फुकट मिळतं, हा चौकटीचा जुना दोष आहे. म्हणूनच डन्जन मास्टर्स गाइडमध्ये तिरपी पावलं आळीपाळीने पाच आणि दहा फूट मोजायचा पर्याय दिला आहे. (चौकटीवर खेळणं हेसुद्धा २०१४ च्या हँडबुकात ऐच्छिकच आहे, हे फार जणांना माहीत नसतं.) पण चालताना फरश्या मोजायच्या आणि पोचल्यावर सुतळी लावायची, हे चालणार नाही. मापी एकच हवी. फरश्यांनी मोजलं तर बरोबरी. बरोबरी झाली की कोणती वाट, हे मजकूर सांगत नाही.

दादाचं म्हणणं वेगळंच होतं. मंत्रात लिहिलंय की पळणारा उघड धोक्याच्या जागी जात नाही. दोन हत्यारांच्या मधून जाणं हा धोका नाही का? माझ्या मते नाही, कारण मजकुरातली उदाहरणं आग आणि खड्डा यांची आहेत. जमीन धोक्याची असावी लागते, शेजारी नव्हे. शिवाय इथे ते गैरलागू होतं. बॉस दोघांच्याही पोहोचेत उभा होता, ३० फूट जाताना दोघांच्या पोहोचेतून बाहेर पडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. २०२४ च्या नव्या हँडबुकात मात्र हा मजकूर बदलला आहे, तिथे पळणारा सर्वांत सुरक्षित वाटेने जातो. त्या पुस्तकाने खेळलो असतो तर सरांची सरळ वाट मी डोळे झाकून मान्य केली असती. आम्ही त्या पुस्तकाने खेळत नव्हतो.

निकाल आणि त्यावरचा राग

पावणेदहा झाले होते. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. दहाला थ्री फेज आली की दादाला गव्हाला पाणी सोडायला जायचं होतं. सरांनी निकाल दिला: बॉस माझा, वाट मी ठरवणार, तो घाबरून दरवाजाकडे सरळ सुटला. रोगचा वार धरला, स्नीक अटॅक नाही. बशीत तीन दाणे.

नियमाच्या अंगाने हा निकाल मला पूर्ण बरोबर वाटतो. जो प्राणी ज्याच्या हाती, त्याची वाट त्याने ठरवावी. मजकूर जिथे गप्प आहे तिथे बोलायलाच डीएम असतो.

तरी भाऊ दुखावला, आणि त्याचं दुखणं नियमाचं नव्हतंच. तो म्हणाला, "वाट तुमची जी, मान्य. पण फासे पडल्यावर काहून ठरवली? बशीत सात दाणे हाय, माझे नऊ आले, मंग तुम्हाले सरळ वाट आठवली." यावर सरांकडे उत्तर नव्हतं. बॉसला वाचवायला त्यांनी वाट निवडली असं मला वाटत नाही, वीस वर्षं वर्ग सांभाळणारा माणूस एका सेलसाठी तसं करणार नाही. पण तसं दिसलं, आणि तसं दिसायला जागा होती. सेल मधल्या फरशीवरून उचलून थेट पायरीपाशी ठेवला, तेव्हा मधली सहाही पावलं गायब झाली. वाट अशी काही उरलीच नाही. मग ती मागाहून, निकाल काय लागेल हे सगळ्यांना दिसत असताना तयार करावी लागली. तेव्हा सरळ निवडली असती तरी आणि तिरपी निवडली असती तरी एक बाजू हेच म्हणाली असती.

दोष भाऊ आणि दादाचाही आहे. सेल खाली टेकायच्या आत त्यांनी फासे फेकले. ऑपॉर्च्युनिटी अटॅक म्हणजे मध्येच थांबवलेली हालचाल. थांबवण्याआधी ती हालचाल बघायला नको का?

माझ्या टर्नवर मी सेक्रेड फ्लेम टाकला, बॉसने सेव्ह केला. तिसऱ्या राऊंडला फायटरचा भाला हुकला आणि बॉस तीन दाण्यांनिशी दरवाज्याबाहेर गेला. दादा चपला घालून शेताकडे निघाला.

पुढच्या डावात

सरांनी पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहून खांबाला लावल्या. सोंगटी उचलायची नाही, एकेक फरशी सरकवायची. कुणाच्या पोहोचेतून बाहेर पडत असेल तिथे थांबायचं, विचारायचं, मगच फासे. स्नीक अटॅकबद्दल किंवा व्हिस्पर्सबद्दल पुठ्ठ्यावर काही नव्हतं, आणि मला ते बरोबर वाटलं. ते नियम पुस्तकात आहेतच. पुठ्ठ्यावर फक्त पुस्तकात नसलेलं यावं.

एकदोन डावांनंतर तोच बॉस परत आला, आणि यावेळी त्याच्यासोबत मंत्र जाणणारा एक भाडोत्री गवई होता. त्याने डिसोनंट व्हिस्पर्स टाकला तो आमच्या फायटरवर. दादाचा सेव्ह हुकला. त्याच्या दोन्ही अंगांना झाकणं उभी होती. सर हात मागे घेऊन म्हणाले, "रिॲक्शन तुझी, वाट तू ठरव. दूर जायचं एवढंच बंधन."

दादाने आपल्या फायटरचं बटण एक फरशी तिरपं सरकवलं आणि थांबला. एका झाकणाचा वार आला, बसला. त्याने बटण पुढे सरकवलं, दुसऱ्या झाकणाचा वार हुकला. भाऊ मध्येच म्हणाला, सरळ गेला असतास तर दोन्ही वार एकाच जागी झाले असते. दादा म्हणाला, "तुह्यासाठी नाई गा, माह्यासाठी चालून रायलो." त्यावर सरांनी विचारलं की पळणाऱ्याला त्या गवयापासूनचं अंतर दोन्ही वाटांनी सारखं पडतंय हे कुणी मोजलं का. कुणी मोजलं नव्हतं. मग सगळे वाकून फरश्या मोजायला लागले, आणि तिरप्या वाटेने एक फरशी कमी भरली. दादाने बटण मागे घेतलं. सरांनी पडलेले फासे उचलायला सांगितले आणि दोन्ही वार सरळ वाटेवर पुन्हा खेळायला लावले. यावेळी दोन्ही बसले.